खानखानांचा किताबखाना : बुऱ्हाणपुरातील ग्रंथालयीन प्रशिक्षणाचा एक अध्याय

ग्रंथालय सेवकांच्या प्रशिक्षणाचा इतिहास आपल्याकडे बहुधा बडोद्यापासून सांगितला जातो. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावले व पुढच्याच वर्षी तेथे ग्रंथपालांचा वर्ग सुरू झाला. त्यानंतर १९१५ मध्ये लाहोर, १९२९ मध्ये डॉ. रंगनाथन यांचे मद्रास. हा क्रम चुकीचा नाही. परंतु वर्ग, परीक्षा व प्रमाणपत्र नव्हते तेव्हा ग्रंथालयातील माणूस आपले काम कोठे व कसे शिकत असे, हा प्रश्न त्यातून सुटून जातो. त्याचे एक सविस्तर उत्तर बुऱ्हाणपुरात सापडते.

आसीरगड १६०१ मध्ये मोगलांच्या हाती आला आणि फारुकींची ही राजधानी दख्खनच्या मोहिमांचे मुख्य ठाणे बनली. बैरामखानाचे चिरंजीव अब्दुर्रहीम खानखाना (१५५६–१६२७) यांचा पुढील मोठा काळ याच शहराशी जोडलेला आहे. कुंडी भंडाऱ्याची भूमिगत जलयोजना (१६१५) त्यांच्याच कारकिर्दीतील. रहीम यांचे दोहे शाळेत पाठ झालेले असतात. तुर्कीतील बाबरनामा फारसीत आणून त्यांनी १५८९ मध्ये अकबरास सादर केला, हेही अध्यापकांस ठाऊक असते. त्यांच्या किताबखान्याबद्दल मात्र आपण क्वचितच बोलतो.

या किताबखान्याची माहिती मिळते ती प्रामुख्याने 'मआसिर-ए-रहीमी' या फारसी ग्रंथातून. इराणातील नहावंद येथून आलेल्या अब्दुल बाकी यांनी तो खानखानांच्या आश्रयाने लिहून १६१६ मध्ये पूर्ण केला. आश्रयदात्याची स्तुती त्यात भरपूर आहे व ती वाचताना हात राखूनच वाचली पाहिजे. तरीही सेनापतीच्या चरित्रात किताबखान्यातील कारागिरांना नावानिशी जागा मिळते, ही गोष्ट साधी नव्हे.

'किताबखाना' म्हणजे केवळ पुस्तके ठेवण्याची जागा नव्हे. ग्रंथसंग्रह, नकला करण्याचे दालन आणि चित्रशाळा अशी तिन्ही कामे तेथे एकत्र चालत. कागदाला खळ लावून तो गोट्याने घोटायचा, दोरे ताणलेल्या मिस्तरावर दाबून त्यावर ओळी उठवायच्या, बोरूला योग्य तिरपा छेद द्यायचा. ही नवशिक्याची कामे. त्यानंतर मश्क, म्हणजे उस्तादाच्या अक्षरावर महिनोन्‌महिने हात बसवणे. कातिब मजकूर लिही, जदवलकश पानाभोवती रेषा आखी, मुझहहिब सोन्याचे काम करी, मुसव्विर चित्र काढी, जिल्दसाज बांधणी करी आणि प्रत मूळ ग्रंथाशी ताडून पाहणारा वेगळाच असे. एका ग्रंथाच्या निमित्ताने ही सगळी माणसे परस्परांचे काम पाहत. पुढच्याने आखलेली रेषा चुकली तर मागच्याचे सोने वाया जाणार, हे तेथे कोणाला शिकवावे लागत नसे.

येथे माणसे तरी कोठून येत? मश्हदहून आलेले मुहम्मद अमीन हे तझहीबचे उस्ताद होते. इब्राहीम नक्काश एकाहून अधिक हुन्नर जाणत. माधो हा हिंदू चित्रकारही याच मंडळीत आहे. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोलकी नोंद मियाँ नदीमची. तो खानखानांच्या पदरचा गुलाम. याच किताबखान्यात वाढून तो नामांकित चित्रकार झाला आणि ग्रंथकाराने त्याची तुलना थेट मानी व बिहजाद यांच्याशी केली. मुश्फिकही लहानपणापासून तेथेच घडला. बाहेरून तयार उस्ताद आणायचा आणि त्याच्या हाताखाली घरचे पोर तयार करायचे, असा हा परिपाठ दिसतो. हेरातचे अब्दुर्रहीम, ज्यांना पुढे 'अंबरीन कलम' ही पदवी मिळाली, तेही बादशाही सेवेत जाण्यापूर्वी येथे होते. १५९५ च्या निजामीच्या खम्स्याची प्रसिद्ध शाही प्रत त्यांच्याच हातची.

या शिक्षणाचे फळ पाहायचे तर वॉशिंग्टन येथील फ्रीअर संग्रहातील फारसी रामायण पाहावे. अकबराच्या प्रतीवरून खानखानांनी ते स्वतःसाठी करवून घेतले व तशी नोंद स्वहस्ते लिहून ठेवली. त्यात १३० चित्रे आहेत. शाही प्रतींच्या मानाने ती साधी आहेत, काही तर कच्ची वाटतात. शाही कारखान्यात एकाने आखावे व दुसऱ्याने रंगवावे अशी वाटणी पुष्कळदा असे. येथे बहुतेक चित्रे एकेकट्याची आहेत. जॉन सेलर यांनी १९९९ मध्ये या प्रतीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कलासमीक्षक कच्चेपणाला दोष म्हणतील. अध्यापकाने त्यात शिकणाऱ्याचा हात पाहावा, असे मला वाटते. चुकण्याची मुभा खऱ्या कामावर मिळाली होती, सरावाच्या पाटीवर नव्हे.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा मात्र हेतू नाही. नदीमने हा पेशा निवडला नव्हता. तो गुलाम होता. स्त्रियांचा या नोंदींत पत्ता नाही. शिवाय सारा डोलारा एका माणसाच्या ऐपतीवर उभा होता. शाहजहानच्या बंडात खानखाना त्याच्या बाजूस गेले, कैदेत पडले, पुढे माफी मिळाली तरी जुने दिवस परतले नाहीत. किताबखाना विखुरला. बडोद्याच्या वर्गाने जे साधले ते येथे साधले नाही : ज्ञान मालकापासून वेगळे करून ते कोणालाही मिळेल अशी सोय.

उलट बाजूही आहे. १९८७ नंतर अकॅडमिक स्टाफ कॉलेजांतून उजळणी वर्ग सुरू झाले, ग्रंथपालही त्यांत जाऊ लागले. ते परत येतात तेव्हा हजेरीचे प्रमाणपत्र फाइलला लागते. पण ज्या सहायकाने वीस वर्षे जुन्या उर्दू-फारसी पोथ्यांची पाने सांभाळली, त्याच्या हाताखाली नवा माणूस बसवावा असे कोणाला सुचत नाही. तो निवृत्त होतो, आणि कोणती पोथी कोणत्या बस्त्यात आहे हेही त्याच्याबरोबर जाते.

खानखानांच्या संग्रहातील ग्रंथ व चित्रे आता देशोदेशीच्या संग्रहांत आहेत. वॉशिंग्टनच्या त्या रामायणात चित्रांवर श्यामसुंदर, फझल, मोहन, गुलाम अली ही नावे नोंदलेली आहेत.