पायलट (गोवा)

पायलट : भाड्याची मोटारसायकल चालवून एका प्रवाशाची ने-आण करणारा परवानाधारक चालक, विस्ताराने ते वाहनही.

मूळ इंग्रजी शब्द फ्रेंच-इटालियनमार्गे ग्रीकमधील सुकाणूवाचक शब्दापर्यंत जातो. पोर्तुगीजमधील ‘पिलोतु’ म्हणजे जहाजाला दिशा देणारा. मुरगाव बंदरात जहाज धक्क्यापर्यंत आणणाऱ्या अधिकाऱ्यास आजही पायलट म्हणतात (पहा : मुरगाव बंदर). वैमानिक हा अर्थ विसाव्या शतकातला. मंत्र्यांच्या ताफ्यापुढची गाडी आणि पथदर्शी प्रकल्प यांनाही हाच शब्द लागतो.

रस्त्यावरचा अर्थ मात्र खास गोव्याचा. काळी मोटारसायकल, तिचा पुढचा मडगार्ड पिवळा, पिवळ्या नंबरप्लेटवर काळे आकडे ही ओळख. बसस्थानक, बाजार, फेरीधक्का येथे पायलट रांगेने उभे असतात. प्रवासी मागे बसतो. बाजाराची पिशवी दोघांच्या मधे किंवा चालकापुढे टाकीवर. भाडे बहुधा निघण्यापूर्वी ठरते.

बस मुख्य रस्त्यावर सोडते, वाडा आत राहतो. पेडणे व डिचोली तालुक्यांतील अशा विखुरलेल्या वस्तीला हे वाहन विशेष सोयीचे. इतर राज्यांत ॲपवरील बाइक-टॅक्सी येण्याच्या कितीतरी आधी गोव्याने या व्यवसायाला कायदेशीर मान्यता दिली, याची नोंद वाहतुकीच्या इतिहासात ठळकपणे व्हायला हवी.

मोपा (ता. पेडणे) येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ रोजी प्रवासी उड्डाणे सुरू झाल्यापासून वैमानिक आणि मोटारसायकलचालक हे शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच तालुक्यात नांदतात (पहा : पेडणे, मोपा विमानतळ).