बेसिक कोण ठरवतं?

कासारवाडी स्थानकापासून नाशिक फाट्यापर्यंत आणि तिथून भोसरी, चाकणपर्यंत कुठल्याही कामगाराला पीएफबद्दल विचारा, त्याच तीन गोष्टी ऐकू येतात. कंपनी बेसिकवर बारा टक्के भरते. बेसिक किती ठेवायचं ते कंपनीच्या हातात असतं. आणि बेसिक कमी असलेलंच बरं, हातात जास्त येतं. कारखानदार हे म्हणतात, पगारपत्रकं तयार करणारे सल्लागार म्हणतात, आणि तीन वर्षांच्या करारावर सह्या करणारे कामगार प्रतिनिधीही म्हणतात, याचं जास्त वाईट वाटतं. यातलं पहिलं विधान अर्धवट आहे, दुसरं चूक आहे आणि तिसरं कामगाराच्या म्हातारपणावर उठणारं आहे.

पूर्वपक्ष आधी पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवा, कारण तो पोकळ नाही. भविष्य निर्वाह निधीच्या १९५२ च्या कायद्यातलं कलम ६ मालकाचं अंशदान मूळ वेतन, महागाई भत्ता आणि असल्यास रिटेनिंग अलाउन्स यांवर बसवतं. कायद्यातला मूळ दर दहा टक्के आहे, अधिसूचित आस्थापनांना बारा. मूळ वेतन म्हणजे काय हे कलम २(ब) सांगतं, आणि तिथेच घरभाडे भत्ता, ओव्हरटाइम, बोनस, कमिशन आणि ‘यांसारखे इतर भत्ते’ वगळलेले आहेत. म्हणजे भत्ते संसदेनेच बाहेर ठेवले. पगाराची रचना हा मालक-कामगारांमधला करार, त्यात पीएफ कार्यालयाने नाक का खुपसावं? भविष्य निर्वाह निधी संघटनेने ३० नोव्हेंबर २०१२ रोजी पगाराच्या अशा तुकड्यांविरुद्ध परिपत्रक काढलं आणि १८ डिसेंबरला स्वतःच ते स्थगित केलं. कार्यालयच इतकं डळमळीत असेल, तर कारखानदाराने आपल्या सोयीचा अर्थ घेतला यात नवल नाही.

पूर्वपक्षाच्या हातात महाराष्ट्रातलाच एक निकालही आहे. नांदेडला मुख्यालय असलेली मराठवाडा ग्रामीण बँक आपल्या कर्मचाऱ्यांसाठी कायद्याच्या वेतनमर्यादेपेक्षा जास्त रकमेवर अंशदान भरत असे. १९९८ मध्ये बँकेने नोटीस देऊन हा जादा भरणा थांबवला. कर्मचारी संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २०११ मध्ये हरली. कायद्याने घातलेल्या बंधनाच्या पलीकडे भरायला मालकाला भाग पाडता येत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. त्यामुळे ‘कंपनीने संपूर्ण पगारावर बारा टक्के भरलेच पाहिजेत’ हे काही संघटनांचं म्हणणंही टिकत नाही. ते सोडून दिलेलं बरं.

पण हा निकाल नीट वाचला तर तो पूर्वपक्षाच्याच विरोधात उभा राहतो. बँकेची जबाबदारी कायद्याने बांधलेल्या रेषेपर्यंत, असं न्यायालय म्हणालं. ही रेषा बँकेने आखली नव्हती. रेषेच्या पलीकडचं देणं मालकाच्या मर्जीवर आहे, म्हणून रेषाच त्याच्या मर्जीवर आहे, असं त्यातून निघत नाही. सल्लागार नेमकी हीच उडी मारतात.

मग ती रेषा कुठे आहे? १९६२ मध्ये ब्रिज अँड रूफ कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याची कसोटी दिली. तो खटला मालकाने जिंकला होता. जास्त उत्पादनासाठी दिलेला बोनस मूळ वेतनातून बाहेर राहिला. मात्र निकालाची कारणमीमांसा अशी होती: जी रक्कम सर्वांना, नेहमीच्या रीतीने आणि आवश्यक म्हणून मिळते ती मूळ वेतन. जी जादा काम केलं, जादा उत्पादन काढलं किंवा एखादी विशेष संधी घेतली म्हणून मिळते, ती बाहेर. रकमेला पगारपत्रकावर कोणतं नाव आहे, हा प्रश्न त्यात कुठेच नाही.

हीच कसोटी २८ फेब्रुवारी २०१९ रोजी विवेकानंद विद्यामंदिर या पश्चिम बंगालमधल्या शाळेच्या प्रकरणात पुन्हा लागली. त्याच निकालात सूर्या रोशनी, सेंट-गोबेन अशा कारखान्यांचे वादही होते. विशेष भत्ता, प्रवास भत्ता अशा रकमा सरसकट सर्वांना दिल्या जात होत्या. त्या जादा कामाबद्दल होत्या, असं एकाही मालकाला दाखवता आलं नाही. न्यायालयाने म्हटलं, हे मूळ वेतनच आहे, अंशदान टाळण्यासाठी त्याला भत्त्याचं रूप दिलेलं आहे. तेव्हा कासारवाडीच्या एखाद्या वर्कशॉपमधला हजेरी भत्ता खरोखर पूर्ण हजेरी लावणाऱ्यालाच मिळत असेल तर तो बाहेर राहील. दर महिन्याला ठरावीक रक्कम सगळ्यांच्या पगारात पडत असेल, तर ‘हजेरी’ हे नाव त्याला वाचवणार नाही.

महाराष्ट्रात आणखी एक बारकावा आहे, तो इथल्या कामगारांना कोणी सांगत नाही. किमान वेतनाच्या अधिसूचनांमध्ये महागाईशी जोडलेला जो हिस्सा दर सहा महिन्यांनी बदलतो, त्याला राज्य सरकार ‘विशेष भत्ता’च म्हणतं. पगारपत्रकावरचा विशेष भत्ता हा तोच हिस्सा असेल, तर तो महागाई भत्ता आहे आणि कलम ६ मध्येच बसतो. त्यासाठी २०१९ च्या निकालापर्यंतही जावं लागत नाही.

आता हिशेब. आधीपासून पीएफचा सभासद असलेल्या एका कामगाराचा पगार २०,००० रुपये धरू: बेसिक १०,०००, घरभाडे ४,०००, प्रवास २,०००, विशेष भत्ता ४,०००. शेवटचे दोन सर्वांना सारखेच मिळतात. कंपनी १०,००० वर बारा टक्के, म्हणजे १,२०० भरते. कसोटी लावली तर आधार १६,००० होतो. १ सप्टेंबर २०१४ पासूनची वेतनमर्यादा १५,००० ची असल्याने सक्तीचं अंशदान १,८०० होतं. फरक महिन्याला ६०० रुपयांचा दिसतो, म्हणून तो कोणाला फार वाटत नाही.

पण मालकाच्या बारा टक्क्यांतले ८.३३ टक्के १९९५ च्या पेन्शन योजनेत जातात. मालक पेन्शनचे पैसे वेगळे भरतो, हा समज चुकीचा आहे. त्यावर केंद्र सरकार १.१६ टक्के घालतं. पेन्शन ठरते ती शेवटच्या साठ महिन्यांच्या सरासरी वेतनावर: वेतन गुणिले सेवेची वर्षं, भागिले सत्तर. वीस किंवा त्याहून जास्त वर्षं सेवा करून ५८ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला दोन वर्षं वाढवून मिळतात. पंचवीस वर्षांच्या सेवेला सत्तावीस धरा. १०,००० च्या आधारावर पेन्शन सुमारे ३,८५७ रुपये, १५,००० च्या आधारावर ५,७८६. मरेपर्यंत दर महिन्याला १,९२९ रुपये कमी, आणि त्याच्यामागे विधवा पेन्शनही त्याच प्रमाणात कमी. ‘हातात जास्त’ म्हणतात त्याची ही किंमत आहे. शिवाय हातात जास्त आलेल्या रकमेबरोबर मालकाचा तेवढाच हिस्साही बुडतो, हे त्या बोलण्यात येत नाही.

अंशदान कराराने ठरत नाही याचा सर्वांत ठोस पुरावा उलट दिशेने येतो. २०१४ मध्ये केंद्र सरकारने पेन्शन योजनेत दुरुस्ती करून, मर्यादेपेक्षा जास्त वेतनावर पेन्शन घेणाऱ्या कामगारांनी स्वतः १.१६ टक्के भरावेत असं ठरवलं. सरन्यायाधीश उदय लळित यांच्या खंडपीठाने ४ नोव्हेंबर २०२२ रोजी ही अट बेकायदा ठरवली, कारण पेन्शन निधीत कामगाराने अंशदान भरण्याची तरतूद मूळ कायद्यात नाही. पुढे मे २०२३ मध्ये सरकारने तो वाटा मालकाच्या बारा टक्क्यांतून घेण्याचा मार्ग काढला. मूळ कायद्याबाहेर जाऊन अंशदान ठरवणं केंद्र सरकारला जमलं नाही. मग ते भोसरीतल्या एखाद्या पगारपत्रकाला जमेल, असं मानायला आधार काय?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांचा दाखला आता दिला जातो: ‘आता अर्धा पगार भत्त्यांत ठेवायला कायद्यानेच परवानगी दिली.’ हेही चुकीचं वाचन आहे. सामाजिक सुरक्षा संहितेत वगळलेल्या रकमांची यादी ठरलेली आहे आणि त्यात घरभाडे, प्रवास, ओव्हरटाइम आहेत. विशेष भत्ता त्या यादीत नाहीच, त्यामुळे तो वेतनात धरला जातो. यादीतल्या रकमा एकूण मोबदल्याच्या अर्ध्यापेक्षा जास्त झाल्या, तर वरचा भाग वेतनात मिळवला जातो. आपल्या उदाहरणात या व्याख्येने आधार १४,००० येतो. प्रवास भत्त्याच्या बाबतीत ही व्याख्या मालकाला थोडी सोयीची आहे, हे मान्य करायला हवं. पण १०,००० पर्यंत ती कुठल्याच वाटेने पोचत नाही.

उरतो व्यवहारातला प्रश्न. ‘वाद काढला तर मागचे आमचेही पैसे कापतील’ ही भीती कामगारांना गप्प ठेवते. भविष्य निर्वाह निधी योजनेचा परिच्छेद ३२ त्याचं उत्तर देतो: कामगाराचा हिस्सा ज्या वेतनकाळाचा, त्याच काळाच्या वेतनातून कापता येतो. तेव्हा कापला नसेल, तर लेखनिकाची चूक किंवा नजरचूक असल्याशिवाय मागाहून वसूल करता येत नाही. परिच्छेद ३१ मालकाचा हिस्सा कामगाराच्या पगारातून कापायला मनाई करतो. काही ठेकेदार ‘दोन्हीकडचा पीएफ’ म्हणून चोवीस टक्के मजुराच्याच पगारातून काढतात, तो या परिच्छेदाचा सरळ भंग आहे. आणि ठेकेदाराने भरलं नाही तरी परिच्छेद ३० प्रमाणे मूळ कंपनी त्या मजुराच्या अंशदानाला बांधील राहते. तिने ते भरून ठेकेदाराकडून वसूल करायचं असतं. थकबाकी किती, हे कलम ७अ खालच्या चौकशीत ठरतं. आकुर्डीच्या पीएफ कार्यालयात ही चौकशी मागण्यासाठी पगारपत्रकं लागतात, आणि एकाच खात्यातल्या सर्वांना तोच भत्ता त्याच रकमेने मिळतो हे दाखवणारी पत्रकं जितकी जास्त, तितकं प्रकरण भक्कम.