राजाची चित्रे, शाळेची भिंत

मंडळी, ज्या राजासाठी चित्रे जमवली त्याचे राज्यच गेले, तर त्या चित्रांचे काय व्हावे? १७९० साली पोलंडच्या राजाने लंडनचा चित्रव्यापारी देझाँफाँ आणि चित्रकार बुर्ज्वा यांना संग्रह करायला सांगितले. १७९५ मध्ये शेजाऱ्यांनी पोलंड वाटून घेतले. चित्रे लंडनलाच राहिली. १८११ साली बुर्ज्वाने मृत्युपत्राने ती डलिचच्या विद्यालयाला दिली, लोकांना पाहता यावीत म्हणून. जॉन सोन या वास्तुशिल्पज्ञाने खास इमारत योजली. उजेड छपरातून घेतला, म्हणजे सगळी भिंत चित्रांना मोकळी! १८१७ त दार लोकांना उघडले. लंडनची नॅशनल गॅलरी निघाली ती १८२४ त. राजाचा ठेवा असा शाळेच्या ओटीत पडला, आणि लोकांचा झाला. गुरुजी, कपाटातली चित्रे तुम्हीही उजेडात आणा.