वैनगंगेचें रान आणि मोगली

वैनगंगा नदी सिवनी जिल्ह्यांत मुंडारा या गांवाजवळ उगम पावते. बालाघाटकडून वळसा घेऊन ती महाराष्ट्रांत उतरते, भंडारा शहराजवळून वाहते आणि पवनीवरून दक्षिणेस जाते. या नदीचें नांव १८९४ सालीं एका इंग्रजी पुस्तकानें साऱ्या जगांत नेलें. तें पुस्तक म्हणजे रडयार्ड किपलिंग यांचें ‘जंगल बुक’. लांडग्यांनीं वाढविलेल्या मोगलीची कथा याच पाण्याच्या आसऱ्यानें घडते.

किपलिंग यांचा जन्म १८६५ सालीं मुंबईस झाला. परंतु सिवनीच्या रानांत ते कधीं गेले नव्हते. मोगलीच्या बहुतेक कथा त्यांनीं अमेरिकेंत बसून लिहिल्या. रानाची माहिती पुष्कळशी आली ती रॉबर्ट स्टर्नडेल यांच्या ‘सिवनी’ या १८७७ सालच्या पुस्तकावरून. स्टर्नडेल हे मध्यप्रांतांतील सरकारी अधिकारी. पुढें ते सेंट हेलेना बेटाचे गव्हर्नर झाले. म्हणजे वाचकांपुढें आलेलें हें रान राज्यकर्त्याच्या डोळ्यांनीं पाहिलेलें आहे.

तें राज्य या मुलखावर कसें आलें? सीताबर्डीच्या लढाईनंतर १८१८ सालीं सिवनीचा प्रदेश भोसल्यांकडून इंग्रजांकडे गेला. ११ डिसेंबर १८५३ रोजीं तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले. लॉर्ड डलहौसीनें दत्तक मानला नाहीं, आणि १८५४ सालीं नागपूरचें राज्य, व त्यासह भंडारा, खालसा झालें. १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला. १८६४ सालीं जंगलखातें निघालें. त्याचे पहिले प्रमुख डीट्रिक ब्रँडिस हे जर्मन गृहस्थ होते. रेल्वेच्या रुळांखालीं घालावयास सागाचें व सालाचें लांकूड हवें होतें. १८७८ च्या कायद्यानें राखीव जंगलाभोंवतीं सरकारी हद्दी पडल्या. रान जाळून त्या राखेंत बी पेरणाऱ्या गोंडांची दाह्याची शेती बंद होत गेली. गुरें चारणें, गवत कापणें, सरपण आणणें हें पिढ्यान्‌पिढ्यांचें वहिवाटीचें काम आतां परवानगीचें झालें.

आतां कथा पाहावी. तींतील गांवकरी भोळे, भुताखेतांना भिणारे आणि क्रूर आहेत. मोगलीला ते दगड मारून हांकलतात. त्याला जवळ करणाऱ्या मेसुआला चेटकीण ठरवून जाळावयास निघतात. ती न्यायासाठीं कोठें जाते? कान्हीवाड्यास, इंग्रजांकडे! ‘इन द रुख’ या १८९३ च्या कथेंत तर तरुण मोगली पगार व पेन्शन यांवर सरकारी जंगलाचा राखणदार होतो. रानाचें लेंकरूं आपण होऊन साहेबाची चाकरी पत्करतें, असा हा शेवट आहे. राज्यकर्त्याच्या मनाला याहून गोड स्वप्न कोणतें पडणार?

प्रत्यक्षांत काय झालें, हें त्याच सिवनी जिल्ह्यांतील टुरिया गांवानें सांगितलें. ऑक्टोबर १९३० मध्यें तेथें जंगल-सत्याग्रह झाला. गवत कापण्याच्या हक्कासाठीं जमलेल्या लोकांवर पोलिसांनीं गोळीबार केला. चारजण पडले, त्यांत तीन स्त्रिया होत्या. मोगलीच्या रानांतील खऱ्या माणसांना त्या रानाच्या कायद्यानें हें उत्तर दिलें.

यास्तव तें पुस्तक दूर सारावें असें मात्र नव्हे. लांडग्यांची माया, अस्वलाची शिस्त, अजगराचें शहाणपण यांतील गोडी खरी आहे, आणि मुलांनीं ती जरूर चाखावी. पण वैनगंगेच्या काठच्या वाचकानें एक प्रश्न जवळ ठेवावा: या कथेंत पशूंना वाचा आहे, कायदा आहे, अभिमान आहे, मग नदीकांठच्या माणसांना तो मान कां नाहीं?