फड पद्धती (खानदेश)

पांझरा, मोसम, आरम आदी नद्यांवरील बंधाऱ्यांखाली, मुख्यतः धुळे व नाशिक जिल्ह्यांत, चालत आलेली सामुदायिक सिंचनव्यवस्था.

काळ : तीनचारशे वर्षांपूर्वीचा मानतात, मतभेद आहेत.

वहिवाट : नदीत बंधारा घालून पाटाने आणलेले पाणी ज्या शिवारात फिरे त्याचे बहुधा चार फड पाडीत, आणि एका फडात सर्व खातेदारांनी एकच पीक घ्यावे व पिकांची फडाफडांतून फेरपालट व्हावी, असा दंडक असे. पाटावर पाटकरी, राखणीस जागले, देखरेखीस हवालदार आणि शेतात पाणी भरण्यास बारेकरी नेमीत. खातेदार स्वतः पाण्यास हात लावीत नसे. बारेकरी फावड्याने वाफ्याचे तोंड फोडी, वाफा भरताच ते बुजवून पुढचे उघडी, आणि धनी बांधावर उभा असो वा बाजारास गेलेला असो, त्याच्या वाट्याचे पाणी त्यास मिळे. सबंध फडात पीक एकच असल्याने आपल्या पिकास पाणी अधिक लागते ही सबब कोणासही सांगता येत नसे. या पद्धतीचे मर्म आमच्या मते येथेच आहे.

उपपत्ती : असे सहकार्य का टिकते? परस्परांस साहाय्य करणाऱ्यांची टोळी इतरांवर मात करील, असे डार्विनने १८७१ मध्ये सुचविले, हॅमिल्टन या जीवशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये, म्हणजे जवळजवळ शतकानंतर, परोपकाराचे मूळ रक्ताच्या नात्यात दाखविले. तथापि तापीच्या उत्तरेस चोपडे तालुक्यातील सामाईक विहिरींवर भाऊबंदच पाळीवरून तंटा करतात आणि फडात नाते नसलेले खातेदार एका पाटावर नांदतात, हे पाहता नियमांचे बळ मान्य करावे लागते. ठरलेली हद्द, लाभाच्या प्रमाणात भार, आपणच नेमलेले राखणदार, अपराधानुसार चढता दंड, अशी आठ तत्त्वे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये मांडली (अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक, २००९). डेव्हिड स्लोन विल्सन व मायकेल कॉक्स यांच्यासह २०१३ मध्ये या तत्त्वांची उत्क्रांतिविचाराशी सांगड घातली गेली. टोळ्याटोळ्यांतील अशा निवडीविषयी, म्हणजे समूहनिवडीविषयी, जीवशास्त्रज्ञांत एकमत नाही.

ऱ्हास : वरच्या अंगास झालेली धरणे व खासगी विहिरी यांमुळे.

ज्यांच्या घरी फडाच्या पंचांच्या वा पाटकऱ्यांच्या जुन्या वह्या असतील त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत, अशी विनंती आहे.