तेर येथील संग्रह आणि प्रदर्शनाची विद्या

आपलें येरमाळें ज्या धाराशिव जिल्ह्यांत आहे, त्याच जिल्ह्यांतील तेर म्हणजे प्राचीन तगर होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक वृत्तांतांत, येथील कापड गाड्यांतून भडोच बंदरास जात असे, असें म्हटलें आहे. तेरच्या पांढरींत सांपडलेल्या वस्तु कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनीं परिश्रमानें जमविल्या. त्यांच्याच नांवाचें सरकारी वस्तुसंग्रहालय तेथें आहे. तेरची हस्तिदंती स्त्रीमूर्ति पाहिली म्हणजे इटलींतील पॉम्पेई येथें १९३८ सालीं सांपडलेल्या मूर्तीचें आम्हांस स्मरण होतें.

परंतु प्रदर्शन मांडणें म्हणजे कपाटें भरणें नव्हे. काय सांगावयाचें तें आधीं ठरवावें, मग वस्तु निवडाव्या. हस्तिदंतास प्रखर उजेड व ओलाव्याचा चढउतार सोसत नाहीं. म्हणून त्याची जागा निराळी असावी. सर्वांत अवघड काम चिठ्ठीचें. पावसानें उघडी पडलेली वस्तु कोणत्या थरांतील, हें कळत नाहीं. तेथें चिठ्ठीनें अधिक बोलूं नये.

ज्युबिलीनिमित्त घरोघरचे जुने क्रूस, जपमाळा, छायाचित्रें मांडावयाचीं असल्यास, वस्तु कोणाची व कोठून आली, हें वडीलधारी मंडळी आहेत तोंच आपण वहींत उतरून घ्यावें.