युद्ध कशासाठी?

श्रीपूरच्या आम्हा रहिवाशांचा सोलापूर जिल्हा सरकारी कारणमीमांसेला १९३० सालीच ओळखून होता. शहरात अराजक माजल्याचे सांगून सरकारने मे महिन्यात मार्शल लॉ पुकारला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा येरवड्यात फासावर गेले.

त्याच राजवटीचे व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी ३ सप्टेंबर १९३९ रोजी, लोकप्रतिनिधींना न विचारता, हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले. लढा लोकशाहीच्या रक्षणाचा आहे, असे सांगण्यात आले. १४ सप्टेंबरला वर्ध्याच्या बैठकीत काँग्रेस कार्यकारिणीने नाझी आक्रमणाचा निषेध केला. परंतु ही लोकशाही हिंदुस्थानालाही लाभणार काय, असे विचारून युद्धाचे हेतू स्पष्ट करण्याची मागणी केली. उत्तरादाखल युद्धानंतर विचारविनिमय करण्याचे आश्वासन तेवढे मिळाले. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी पवनारला युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रह आरंभला. चारच दिवसांत त्यांना अटक झाली.

संत थॉमस अक्वायनस यांनी न्याय्य युद्धास तीन अटी घातल्या आहेत : अधिकृत सत्ता, न्याय्य कारण आणि शुद्ध हेतू. हिटलरला रोखण्याचे कारण न्याय्यच होते. वर्ध्याचा प्रश्न हेतूविषयी होता. असा प्रश्न विचारणे म्हणजे शत्रूची बाजू घेणे नव्हे. ज्यांची मुले रणांगणावर धाडली जातात, त्यांना तो विचारण्याचा पहिला अधिकार आहे, असे आम्हांस वाटते.